मिथुनच्या डोंग्याची घडी

बुधराम म्हातारा पाण्यात टिनाचे ताईत सोडतो आणि मेलेल्या पोराला बोलावतो, असं आमच्या गावात सगळे सांगतात. सगळ्यांच्या आधी सांगते शकुनबाई. बोअरिंगवर पाण्याचा गुंड भरायला ठेवायचा, पदर कमरेला खोचायचा, आणि मग आवाज इतका खाली आणायचा की तीन घरं पलीकडेसुद्धा ऐकू जावा.

"माह्या या डोयानं पाह्यलं व माय. दोरीले टिन बांधते, पाण्यात सोडते. मंग वर काढते अना कान लावते. कान, समजली का? तिकून मिथुन बोलत असन."

तिथून ती गोष्ट वासुदेवरावांच्या किराणा दुकानात गेली. वासुदेवराव प्रत्येक बोलणं "आता मले काही बोलाचं नाही" असं म्हणून सुरू करतात, आणि गिऱ्हाइकाची साखर मोजून, बांधून, परत सोडून होईपर्यंत बोलत राहतात. त्यांच्या दुकानातून बाहेर पडेस्तोवर टिनाचा ताईत चांदीचा झाला होता आणि मिथुन कमरेइतका पाण्याबाहेर आला होता. फिरून फिरून गोष्ट पुन्हा शकुनबाईकडे आली, तेव्हा तिनं गालाला हात लावला आणि म्हणाली, "हे तं मले मालूमच नव्हतं बाई."

आता खरं काय ते सांगते. ते ताईत नाहीत, टिनाच्या पट्ट्या आहेत. मंत्र नाही, लिंबू नाही. आणि बुधराम आबाजी पट्टीला कान लावत नाहीत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून ते पट्टी डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेतात आणि मान वाकडी करतात. पाठीमागून पाहिलं तर कान लावल्यासारखं दिसतं. शकुनबाई नेहमी पाठीमागूनच पाहते.

ते पाहतात काय, तर गंज. पट्टी जिथं वाकवली आहे तिथं गंज आला की नाही, एवढंच.

आबाजींचं घर आमच्या घराला लागून आहे. जुन्या गावात ते नदीच्या काठाला होते आणि आम्ही देवळाकडे, पण जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं आणि या नव्या गावात चिठ्ठ्या काढून घरं मिळाली, तेव्हा आम्ही शेजारी झालो. धरणाच्या आधी माणसं मोठ्या झाडाचं खोड कोरून डोंगा करायची. मग पाणी वाढलं, झाडं बुडाली, आणि डोंग्याला खोड मिळेना. आबाजी पवनीला एका कोठ्या बनवणाऱ्या माणसाकडे राहून टिनाचं काम शिकले. धान साठवायची कोठी आणि पाण्यावर चालायचा डोंगा यात फरक एवढाच, ते म्हणायचे, की एकात बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्यातही बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. असं बोलून ते स्वतःच हसायचे, कारण फरक सांगायला गेले आणि फरक निघालाच नाही.

त्यांची बोलायची एक रीत आहे. सुरुवात "बरं मंग" अशी, आणि शेवटचा शब्द सोडून द्यायचा. "बरं मंग, चहा..." तो शब्द समोरच्यानं त्यात टाकायचा. लहानपणापासून मी त्यांची नक्कल करत आले. त्यांच्यासमोरच करायची. ते म्हणायचे, "बरं मंग, पोट्टी तं माह्यापेक्षा माह्यासारखी..." आणि मिथुनभाऊ आतून ओरडायचा, "बोलते, बा, बोलते."

डोंग्याचा जीव घडीत असतो. पसरलेल्या टिनाला पाणी काही करत नाही. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो, कुलूप लावल्यासारखा. पण टिन वाकवलं, तळातून भिंत उभी केली, दोन पत्रे एकमेकांत अडकवून दाबले, की त्या वळणावर मुलाम्याला ताण पडतो. मुलामा पातळ असला तर तो टिनाबरोबर वळतो. आबाजी आयुष्यभर पातळ मुलाम्याचं स्वस्त टिन वापरत आले. ते घडी अशी घालायचे की वर लाकडाच्या हातोडीनं ठोकून ठोकून बोटाच्या नखाची धार येईल. त्यांची ती धार सगळ्या काठावर नावाजलेली. पार सिहोऱ्याकडचा एक माणूस तलावासाठी डोंगा न्यायला आला होता. त्यानं घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे टिन होय का कागद होय?"

मिथुनभाऊचं लग्न झालं आणि त्याला स्वतःचा डोंगा पाहिजे झाला. बापाच्या डोंग्यात बसून बायकोला बाजारापुरती मासोळी आणायला त्याला लाज वाटत होती. आबाजी म्हणाले, बरं मंग, तुह्यासाठी साधं टिन... मिथुननं शब्द टाकला नाही, वाट पाहिली. तेव्हा त्यांनी स्वतःच पूर्ण केलं, "नाही वापराचं."

ते बसनं शहापूरला गेले. हायवेवरच्या दुकानात सगळ्यात जाड मुलाम्याचं टिन मागितलं. दुकानातल्या माणसानं विचारलं, "छपरावर टाकाचं ना, काकाजी?" आबाजी म्हणाले, "हो." डोंग्याला पाहिजे म्हटलं असतं तर तो हसला असता, टिनाची नाव म्हणून. चार माणसं उभी होती दुकानात. म्हणून हो म्हणाले. छपराचं टिन कोणी नखासारखं दुमडत नाही, तेव्हा दुकानदारानंही पुढं काही सांगितलं नाही. टिन त्यांनी टपावर टाकून आणलं आणि फाट्यापासून गावापर्यंत डोक्यावर.

घडी घालायच्या दिवशी आम्ही सगळे अंगणात होतो. ज्योत्सनावहिनी नवीन होती, दाराआडून पाहत होती. आबाजींनी हातोडी मारली आणि टिन बोललं. साधं टिन वाकताना फक्त कण्हते, बुढी पाटावरून उठताना कण्हते तसं. हे चरचर बोललं, दाताखाली मुरमुरे फुटावे तसं.

मिथुनभाऊ म्हणाला, "बा, हे तं बोलून राहिलं."

"बरं मंग, नवं हाय. थोडसंक..."

"नखरे करन," मिथुनभाऊ म्हणाला, आणि सगळे हसले. मी तो चरचर आवाज तोंडानं काढून दाखवला. आबाजी हसता हसता घडी ठोकत राहिले. नख फिरवलं, धार आली. नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं, आणि डोंगा पाण्यात गेला. इतका चकचकीत, की बगळा त्याच्याजवळ बसत नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वारा सुटला आणि तो डोंगा परत आला नाही. मिथुनभाऊ सापडला दुसऱ्या दिवशी, जाळं टाकायला गेलेल्या हिरालालकाकाला. ज्याला चालायच्या आधी पोहता आलं, तो पोरगा बुडाला, कारण पायांत जाळं गुंडाळलं होतं. डोंगा सापडलाच नाही. खाली जुन्या गावाच्या भिंती आहेत, आंब्याची वाळकी झाडं उभी आहेत. त्यांत कुठंतरी तो असेल. हिरालालकाकानं दोरीचा लोखंडी आकडा टाकून पाहिला, मग सोडून दिलं.

म्हणजे डोंगा वाऱ्यानं उलटला की आत पाणी भरून बुडाला, हे कोणालाच कळलं नाही. आणि आबाजींना तेवढंच कळायला पाहिजे होतं.

लोक बसायला आले. आपल्याकडे अशा वेळी माणसं जे बोलतात तेच बोलली. त्याची घडी भरली होती. घडी आली का राजाही थांबत नाही. वासुदेवराव घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "आता मले काही बोलाचं नाही, बुधरामजी, पण घडी काही माणसाच्या हातात नसते."

आबाजींनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"घडी तं माह्याच हातची होती," ते म्हणाले.

कोणाला काही समजलं नाही. वासुदेवराव माझ्या बाबांच्या कानात म्हणाले, "डोकं फिरलं बुढ्याचं." शकुनबाईच्या ताइतांचं बी तिथंच पडलं असेल.

त्यानंतर त्यांनी हातोडी खुंटीला अडकवली. लोक डोंगे मागायला आले, ते म्हणाले, डोळा गेला. पण डोळा अर्धाच गेला होता. ज्योत्सनावहिनी माहेरी गेली नाही. ती हिरालालकाकाच्या डोंग्यात मागं बसून जाळं सोडायला जाऊ लागली. बायकांनी नावं ठेवली, तिनं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या डोंग्यात दुसऱ्याच्या वेळेला जावं लागतं, दुसऱ्याचं जाळं आधी सोडावं लागतं. एक दिवस मी त्यांच्याकडे विस्तव मागायला गेले होते, तेव्हा ती सासऱ्यासमोर ताट ठेवत म्हणाली, "मामाजी, मले एक डोंगा पाह्यजे."

आबाजींनी भाताचं आळं केलं, वरण वाढायची वाट पाहत. "बरं मंग, पाहू..."

"काय पाह्यता?"

ती वरण वाढून आत गेली.

मिथुनच्या डोंग्यातून उरलेला टिनाचा तुकडा बकऱ्यांच्या खोपीमागं उभा होता. त्यातून त्यांनी पट्ट्या कापल्या. काही पट्ट्यांना तेव्हा घातली होती तशीच घडी घातली, ठोकून, धारेची. काही पट्ट्या पाण्याच्या नळाच्या तुकड्यावर गोल वळवल्या, न ठोकता. काही सपाटच ठेवल्या. आणि मिथुन जिथं डोंगा बांधायचा त्या खुंटाला, नायलॉनच्या दोरीनं, सगळ्या पाण्यात सोडल्या.

मी तिथं आमचे कपडे धुवायला जाते. एकदा मी सरळ विचारलं.

"आबाजी, लोकं म्हणतात तुम्ही ताईत सोडता."

"बरं मंग, ताईत असता तं..."

"बरं झालं असतं," मी म्हटलं.

त्यांनी दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या. धारेच्या घडीवर पांढरी भुकटी आली होती, पिठासारखी. "हे पाह्य. पांढरं आलं तं भ्याचं नाही. जस्त आपण मरून राहिलं, म्हणजे अंदरचं लोखंड जित्तं हाय. जस्त असंच करते. उघडं पडलेल्या लोखंडाच्या बाजूले बसून आपण झिजते, पण त्याले झिजू देत नाही. जवरिक पुरते तवरिक. लाल आलं का समजाचं..."

तो शब्द मी टाकला नाही.

"पण आबाजी, तुम्ही तं सगळ्यात जाड मुलाम्याचं आणलं होतं. जाड म्हणजे जास्त टिकन ना?"

"सपाट राह्यलं तं टिकन." ते पायरीवर बसले. "तुह्यी माय लंबी रोटी करते का नाही? रुमालावानी घडी होते तिची. अना जाडा पानगा? वाकवून पाह्य पानगा, पोटात फाटते. जाड होतं म्हणून फाटलं. मी त्याले रोटीवानी दुमडलो. तो बोलला, मी आइकलो. सगळ्याईनं आइकलं. अना मी हासलो."

मी म्हटलं, "फाटलं कशावरून? वाऱ्यानं उलटला असन. लाल येणारच नाही, पाहजा तुम्ही."

"येईन."

"नाही येत."

"येईन व."

मग मी वासुदेवरावांचा आवाज काढला, गळ्यातून, साखर मोजत असल्यासारखा. "आता मले काही बोलाचं नाही, बुधरामजी, पण लावता का पैज?"

मिथुनभाऊ गेल्यावर ते पहिल्यांदा हसले. दात कमी झाले होते. "काय लावतं?"

"लाल नाही आलं, तं ज्योत्सनावहिनीले डोंगा बनवून द्याचा."

"अना आलं तं?"

"तुम्ही सांगा."

पलीकडून पाणकोंबडी ओरडली. मी तिची नक्कल करणार होते, पण केली नाही.

"आलं तं तिले तू सांगजो," ते म्हणाले. "का तुह्या सासऱ्याच्या हातानं झालं. मले सांगनं होत नाही. रोज ताटावर बसतो, सांगाचं म्हणतो, अना वरण मांगतो."

मी हो म्हटलं. मला खात्री होती. जाड टिन, शहापूरचं, चांगलं टिन. आणि खरं सांगायचं तर त्यांना डोंगा करायला लावायची एवढी सोपी युक्ती आपल्याला सुचली, याचाच मला आनंद झाला होता.

धानाचे रोवणे झाले, पाणी चढलं, खुंट बुडाला आणि परत वर आला. पोळा झाला. पितरांच्या दिवसांत त्यांनी मिथुनच्या नावानं पान ठेवलं, आणि दोन दिवसांनी आमच्या दारात येऊन म्हणाले, "चाल."

त्यांनी आधी सपाट पट्ट्या काढल्या. काळवंडल्या होत्या, जुन्या भांड्यासारख्या, पण धड. मग गोल वळवलेल्या. त्याही धड. वळणावर बोट फिरवलं तर गुळगुळीत. मला वाटलं जिंकले. मी तोंड उघडणार होते.

मग त्यांनी धारेच्या घडीची पट्टी काढली. पांढरं धुऊन गेलं होतं. घडीच्या अगदी माथ्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल रेघ होती, भांगात भरल्यासारखी सरळ. त्यांनी ती डोळ्याजवळ नेली, मान वाकडी केली. अंगठ्यानं घासली. रेघ गेली नाही, अंगठा लाल झाला. खिशातून टोकदार आरी काढून रेघेवर दाबली. आरपार गेली नाही, पण खोल गेली.

"आणखी एक वर्ष," ते म्हणाले. "अना खाली गोटे. रोज काठावर ओढला तं एवढंही लागत नाही."

दुसरी काढली. तीही तशीच. बाकीच्या त्यांनी काढल्या नाहीत.

"आबाजी, या पट्ट्या हायेत. डोंगा वेगळा..."

"टिन तेच. हात तेच. पाणी तेच." मग त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "जाय."

ज्योत्सनावहिनी अंगणात जाळं विणत बसली होती. मी गावातल्या कोणाचाही आवाज काढू शकते, पण हे कोणत्या आवाजात सांगतात ते मला ठाऊक नव्हतं. पट्टी तिच्यासमोर ठेवली आणि सरळ सांगितलं. टिन जाड होतं, घडी धारेची घातली, मुलामा तडकला, तिथून गंजला. आबाजी म्हणतात, त्यांच्या हातानं झालं.

तिची सुई थांबली नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

मी तिथंच बसले.

"पाझरत होता तो डोंगा. पयले पयले वल्ल यायची, मंग पाणी. मी सकाळी जाऊन टमरेलानं उपसत होती, मामाजी उठाच्या आधी. त्यानं डांबर लावलं घडीले. मले म्हणे, बाले सांगजो नोको. बानं डोक्शावर आणलं ते टिन. उन्हाळ्यात पाणी उतरलं का मीच सांगीन, मंग दोघं मिळून घडी खोलू."

"मंग तुम्ही काहून नाही सांगतलं, वहिनी? आबाजी दिवसरात..."

"कसं सांगू? वाऱ्यानं गेला का घडीनं गेला, हे मालूम नाही तवरिक माणूस अर्धा तं सुटते व, गुड्डे. सांगतलं तं पुराच सापडते." तिनं गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला. "मी म्हणलं, अर्धे तं सुटू दे."

मग तिनं जाळं बाजूला ठेवलं, पट्टी उचलली आणि चालायला लागली. मी मागं.

आबाजी पाण्याच्या काठावर तसेच बसले होते. पावलं ऐकून त्यांनी वर पाहिलं नाही. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. डोक्यावर पदर घेतला आणि मला सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत त्यांना सांगितलं. टमरेल, डांबर, उन्हाळ्यात सांगीन म्हणाला ते. त्यांनी मध्ये एकदाही "बरं मंग" म्हटलं नाही.

ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "डांबर कुठलं आणलं त्यानं?"

"रोडाच्या कामावरचं."

"गरम करून लावलं का तसंच?"

"गरम करून. चुलीवर. माह्याच भाताच्या गंजात. तो गंज फेकून द्या लागला."

त्यांनी मान हलवली. अंगठा लुंगीला पुसला, पुन्हा पुसला.

"डांबर जस्तावर धरत नाही," ते हळू म्हणाले. "मले इचारलं असतं तं सांगतलो असतो."

"म्हणूनच नाही इचारलं," ती म्हणाली.

त्यांनी हात पुढं केला. तिनं पट्टी दिली. ती त्यांनी खिशात टाकली. पायाशी गोल वळणाची एक पट्टी पडली होती, ती उचलून परत खुंटाला बांधली आणि पाण्यात सोडली. ज्योत्सनावहिनीनं त्या गोल वळणाकडे पाहिलं, मग डोंगा बांधायच्या रिकाम्या खुंटाकडे.

मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"पैज हारली तू, पोरी."

"हो, आबाजी," मी म्हटलं. "हारली."